दुसऱ्या नंबरची कुस्ती : ‘स्मॅकडाउन’ची पाव शतकाची वाटचाल

जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही गावच्या यात्रेत कुस्त्यांचा फड पाहिलेल्या माणसाला ‘नंबर’ समजावून सांगावा लागत नाही. दुपारी पोराटोरांच्या रेवड्या-नारळाच्या कुस्त्या सुरू होतात. मग इनामाची रक्कम चढत जाते आणि दिवस कलता कलता एक नंबरची जोड आखाड्यात उतरते. तिच्या आधी लागते ती दोन नंबरची कुस्ती. तिच्यात कस कमी असतो असं नाही. पुष्कळदा फडातली खरी चुरशीची कुस्ती तीच असते. पण हँडबिलावर तिचं नाव दुसऱ्या ओळीत येतं आणि इनामही थोडं कमी असतं.

टीव्हीवरच्या कुस्तीतही असा दुसरा नंबर आहे. डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कंपनीचा ‘रॉ’ हा पहिला साप्ताहिक कार्यक्रम आणि ‘स्मॅकडाउन’ हा दुसरा. या दुसऱ्या कार्यक्रमाने गेल्या पंचवीसेक वर्षांत किती वाहिन्या आणि किती वार बदलले, हे पाहिलं की टीव्हीच्या फडात नंबर कोण लावतं तेही कळतं.

आधी एक खुलासा

या कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला असतो. आपल्याकडे अशा कुस्तीला ‘नुरा कुस्ती’ म्हणतात आणि फडात ती उघडी पडली तर पब्लिक जोड बाहेर काढायला लावतं. डब्ल्यूडब्ल्यूईचा धंदा मात्र उघड नुराचा आहे. १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळासमोर कंपनीनेच मान्य केलं की हा खेळ नसून करमणूक आहे. त्यामागे हिशेब होता. खेळ म्हटला की क्रीडा आयोगाचे नियम आणि कर लागू होत होते. करमणूक म्हटल्यावर त्यातून सुटका होती.

निकाल ठरलेला असला तरी पडणं, आपटणं आणि दुखापती खऱ्या असतात. कसलेल्या तमाशा कलावंताला वगाचा शेवट माहीत असतो, तरी घाम खराच गाळावा लागतो, तसंच हे.

कंपनीचं जुनं नाव डब्ल्यूडब्ल्यूएफ. वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थेची आद्याक्षरंही तीच होती. त्या संस्थेने न्यायालयीन लढाई जिंकली आणि मे २००२ मध्ये ‘एफ’ जाऊन ‘ई’ आला. नव्वदच्या दशकात ट्रम्प कार्डं खेळलेली पिढी अजूनही ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’च म्हणते, ते यामुळे.

दुसरा कार्यक्रम लागलाच कशाला?

‘रॉ’ ११ जानेवारी १९९३ रोजी सुरू झाला. सोमवारची रात्र त्याची. सप्टेंबर १९९५ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीने त्याच रात्री ‘नायट्रो’ हा कार्यक्रम उभा केला. एकाच दिवशी शेजारच्या दोन गावांनी फड भरवावेत, तशी ही चढाओढ होती.

जानेवारी १९९८ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूने गुरुवारी ‘थंडर’ हा आपला दुसरा कार्यक्रम सुरू केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने रविवारी ‘हीट’ आणला. प्रेक्षक दुसऱ्या कंपनीकडे वळायला नको असेल, तर आठवड्यात एकच रात्र पुरत नाही, हे दोघांनाही कळलं होतं. शिवाय मल्ल जास्त आणि वेळ कमी. ज्यांना सोमवारी आखाडा मिळत नव्हता, त्यांना दुसरीकडे उतरवणं भाग होतं.

गुरुवारचा फड

२९ एप्रिल १९९९ रोजी ‘स्मॅकडाउन’चा पहिला प्रयोग एकच भाग म्हणून यूपीएन वाहिनीवर दाखवला गेला. तो चालला आणि २६ ऑगस्ट १९९९ पासून दर गुरुवारी कार्यक्रम सुरू झाला. नाव आलं ते ‘द रॉक’ या मल्लाच्या तोंडी असलेल्या एका पेटंट वाक्यातून.

गंमत अशी, की ‘रॉ’ केबलवर होता आणि यूपीएन साध्या अँटेनावर दिसत होती. म्हणजे एक नंबरची कुस्ती पाहायला पैसे मोजा आणि दोन नंबरची फुकट पाहा! यूपीएन ही तशी दुबळी वाहिनी, पण ‘स्मॅकडाउन’ तिच्या सर्वांत जास्त पाहिल्या जाणाऱ्या कार्यक्रमांत गणला जाऊ लागला. समोर ठाकलेल्या ‘थंडर’ला जानेवारी २००० मध्ये गुरुवार सोडून बुधवारी जावं लागलं. मार्च २००१ मध्ये तर डब्ल्यूसीडब्ल्यूच विकली गेली आणि ‘थंडर’ कायमचा थांबला.

‘स्मॅकडाउन’ला एक उणेपणा मात्र पुष्कळ वर्षं चिकटून राहिला. ‘रॉ’ बहुतेक थेट दिसायचा. ‘स्मॅकडाउन’चं चित्रीकरण मंगळवारी व्हायचं आणि प्रक्षेपण नंतर. मधल्या दिवसांत निकाल फुटायचे. ठरलेल्या कुस्तीचा निकालही आधी कळला की मजा जाते, हे या कार्यक्रमाने अनुभवलं.

वाटणी झाली, तेव्हा

मार्च २००२ मध्ये कंपनीने आपल्या मल्लांची दोन कार्यक्रमांत वाटणी केली. भाऊ-भाऊ वेगळे व्हावेत तसे हे दोन संसार. दुसऱ्या नंबरला स्वतःची माणसं मिळाली ती तेव्हा. एडी गरेरो, रे मिस्टेरिओ, कर्ट अँगल यांच्या चपळ, डावपेचाच्या लढतींनी ‘स्मॅकडाउन’ला वेगळा चेहरा दिला. २७ जून २००२ रोजी जॉन सीना नावाचा नवखा पोरगा याच कार्यक्रमात पहिल्यांदा उतरला. पुढे तो कंपनीचा सर्वांत मोठा तारा झाला आणि २००५ मध्ये ‘रॉ’कडे गेला. तालमीत मल्ल तयार करायचा आणि तो मोठ्या तालमीने न्यायचा, हे दुसऱ्या नंबरच्या नशिबी येतंच.

ही वाटणी २०११ मध्ये मोडली आणि जुलै २०१६ मध्ये पुन्हा झाली.

वाहिन्या आणि वार

‘स्मॅकडाउन’चं बिऱ्हाड किती वेळा हललं, ते एका नजरेत असं :

- १९९९ : यूपीएन, गुरुवार.
- सप्टेंबर २००५ : वाहिनी तीच, वार शुक्रवार. अमेरिकेत शुक्रवारी रात्री तरुण मंडळी घराबाहेर असतात, म्हणून टीव्हीच्या धंद्यात ही रात्र पडीक मानली जायची.
- सप्टेंबर २००६ : यूपीएन आणि डब्ल्यूबी या वाहिन्या बंद होऊन त्यांच्या जागी द सीडब्ल्यू आली, कार्यक्रम तिकडे गेला.
- ऑक्टोबर २००८ : मायनेटवर्कटीव्ही.
- ऑक्टोबर २०१० : सायफाय, म्हणजे विज्ञानकथांची केबल वाहिनी. परग्रहवासीयांच्या शेजारी पैलवान!
- जानेवारी २०१५ : सायफायवरच, पण पुन्हा गुरुवार.
- जानेवारी २०१६ : यूएसए नेटवर्क. त्याच वर्षी १९ जुलैपासून मंगळवारी आणि दर आठवड्याला थेट.
- ४ ऑक्टोबर २०१९ : फॉक्स, पुन्हा शुक्रवार.
- १३ सप्टेंबर २०२४ : परत यूएसए नेटवर्क, शुक्रवार कायम.

यात फॉक्सचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. ५ वर्षांसाठी सुमारे १०० कोटी डॉलरचा हा करार होता. फॉक्स ही अँटेनावर दिसणारी मोठी वाहिनी, तर ‘रॉ’ केबलवरच होता. त्यामुळे दोन नंबरचा फड एकदम मोठ्या मैदानात भरला. ‘स्मॅकडाउन’ला दुय्यम म्हणणं त्या पाच वर्षांत अवघड झालं.

दुसरा, पण दोनदा पहिला

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेतले मोठे कार्यक्रम थांबले होते. दोनच दिवसांनी, १३ सप्टेंबरला, ह्यूस्टनमध्ये ‘स्मॅकडाउन’ झाला. हल्ल्यानंतर मोठ्या जमावासमोर झालेल्या पहिल्या कार्यक्रमांत तो मोजला जातो.

पुढे करोना आला, तेव्हा १३ मार्च २०२० रोजी डब्ल्यूडब्ल्यूईचा प्रेक्षकांविना झालेला पहिला कार्यक्रमही ‘स्मॅकडाउन’च होता. त्या वसंतात आपल्याकडच्या यात्राही बंद होत्या आणि आखाड्यांतली माती कोरडीच राहिली. अमेरिकेत रिकाम्या खुर्च्यांसमोर कुस्ती झाली, आपल्याकडे झालीच नाही. हलगी आणि पब्लिक नसेल तर फड लागत नाही; टीव्हीची कुस्ती मात्र कॅमेऱ्यावर तग धरते. दोहोंतला हा फरक त्या वर्षी लख्ख दिसला. १६ जुलै २०२१ ला दौरे पुन्हा सुरू झाले आणि प्रेक्षक परतले, तेही ह्यूस्टनमध्ये, ‘स्मॅकडाउन’लाच.

आपल्या घरात कसा आला?

दुबईस्थित ताज टेलिव्हिजनची टेन स्पोर्ट्स ही वाहिनी २००२ मध्ये सुरू झाली आणि पुढची अनेक वर्षं भारतात डब्ल्यूडब्ल्यूई म्हणजे टेन स्पोर्ट्स असं समीकरण राहिलं. ही वाहिनी आधी झी समूहाकडे गेली आणि २०१६ मध्ये जाहीर झालेल्या व्यवहारानंतर सोनीकडे. १ एप्रिल २०२५ पासून ‘रॉ’, ‘स्मॅकडाउन’ दोन्ही भारतात नेटफ्लिक्सवर आले.

इथे एक वेगळेपण आहे. अमेरिकेत बहुतेक काळ दोन कार्यक्रमांच्या वाहिन्या वेगळ्या, त्यांची ऐपत वेगळी. त्यावरून नंबर ठरायचा. भारतात दोन्ही वर्षानुवर्षं एकाच वाहिनीवर, एकाच केबलच्या बिलात होते. त्यामुळे जालना असो की भोकरदन, अंबड असो की परतूर, इथल्या पोरांच्या लेखी पहिला-दुसरा असा भेद उरला नाही. ज्याचा लाडका मल्ल ज्या दिवशी दिसेल, तो त्याचा एक नंबरचा दिवस.

वेळेचं गणितही उलटं. अमेरिकेत शुक्रवारी रात्री ८ वाजता सुरू होणारा कार्यक्रम आपल्याकडे शनिवारी पहाटे ५.३० किंवा हिवाळ्यात ६.३० ला सुरू होतो. त्यांची पडीक रात्र ही आपली तालमीची वेळ. खरा पैलवान तेव्हा जोर-बैठका मारत असतो.

भारतीयांना मान मिळाला तो इथेच

हिमाचल प्रदेशातल्या धिराइना गावचा दलीपसिंग राणा, म्हणजे ‘द ग्रेट खली’, एप्रिल २००६ मध्ये ‘स्मॅकडाउन’मध्येच प्रथम दिसला आणि आल्या आल्या थेट अंडरटेकर या बड्या मल्लाला भिडला. जुलै २००७ मध्ये याच कार्यक्रमात त्याने वर्ल्ड हेवीवेट किताब मिळवला. मे २०१७ मध्ये ‘बॅकलॅश’ या स्पर्धेत डब्ल्यूडब्ल्यूई विजेता झालेला जिंदर महल, कॅनडात जन्मलेला पंजाबी वंशाचा मल्ल, हाही तेव्हा ‘स्मॅकडाउन’च्याच गोटातला.

निकाल लिहिणाऱ्यांचं लक्ष अर्थातच भारतातल्या प्रेक्षकांवर असणार. पण हा प्रयोग करायला त्यांना दुसराच फड सोयीचा वाटला, हेही खरं.

जालन्याचा खरा फड

आता ज्या कुस्तीचा निकाल कोणी लिहून ठेवत नाही, तिच्याकडे येऊ. १९६१ मध्ये पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा औरंगाबादला झाली आणि दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होतं. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. ज्या जिल्ह्यात समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आहे, तिथे बलोपासनेचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरीचा मान खुद्द जालन्याला मिळाला. आझाद मैदानावर मातीचा आणि गादीचा असे दोन्ही आखाडे होते. शेवटच्या लढतीत माती विभागातून आलेल्या बुलढाण्याच्या बाला रफिक शेखने गादीवरून आलेल्या गतविजेत्या अभिजीत कटकेला हरवून चांदीची गदा उचलली. गतविजेता हरला, कारण त्या दिवशी समोरचा सरस ठरला. कुणाच्या संहितेत तसं लिहिलं होतं म्हणून नाही.

त्याच्या महिनाभर आधी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, झी टॉकीज या चित्रपट वाहिनीने ‘महाराष्ट्र कुस्ती दंगल’ ही संघांची स्पर्धा घडवली होती. तीत ‘वीर मराठवाडा’ नावाचा संघही होता. रोषणाई आणि मल्लांचा झोकात प्रवेश यांचं वळण टीव्हीचं, पण कुस्ती खरी, असा तो मेळ होता.

नंबर लावतं कोण?

यात्रेत नंबर लावतात ते कमिटीतले जाणते लोक. मल्लाचं नाव, मागच्या कुस्त्या, तालीम, वस्ताद हे सगळं पाहून जोड ठरते आणि मग तिच्यावर इनाम लागतं. टीव्हीत आधी इनाम लागतं, नंबर मागून येतो. फॉक्सने पैसे ओतले तेव्हा ‘स्मॅकडाउन’ वर गेला. आता यूएसए नेटवर्कचा करार ५ वर्षांसाठी सुमारे १४० कोटी डॉलरचा, म्हणजे वर्षाला २८ कोटी. तर ‘रॉ’साठी नेटफ्लिक्सने १० वर्षांना ५०० कोटींहून अधिक, म्हणजे वर्षाला ५० कोटींच्या वर मोजायचं ठरवलं. आकडे बदलले आणि ‘स्मॅकडाउन’ पुन्हा दुसऱ्या ओळीत आला. मल्ल तेच, डावही तेच.

पण यात्रेत एक सोय आहे, ती टीव्हीत नाही. दोन नंबरची कुस्ती रंगली, तर तिथल्या तिथे प्रेक्षकांतून कोणी उठतं, खिशातली नोट काढतं आणि निवेदकाच्या हातात देतं. माईकवरून नाव पुकारलं जातं, हलगी कडाडते आणि हँडबिलावर दुसऱ्या ओळीत छापलेली जोड त्या घटकेपुरती पहिली होते.