मशेरीची डबी आणि मिठाचे पाणी

शिराळा म्हटले की बाहेरच्या माणसाला नागपंचमी आठवते. आम्हाला आठवते ती पहाटे उंबऱ्यावर बसून बोटाने दातांवर मशेरी घासणारी आई. तंबाखू तव्यावर भाजून, कुटून केलेली ती काळी पूड. भाताच्या चिखलात दिवसभर वाकून लावण करायची, पोटात अन्न नाही, मग तोंडात चिमूटभर मशेरी. भूक मरते, हात चालत राहतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे (ती किती पाळली जाते हे टपरीवर जाऊन पाहावे), पण घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूवर कोण बंदी घालणार?

आजचा विषय मात्र रोग झाल्यानंतरचा आहे. तोंडाचा कर्करोग निघतो, शस्त्रक्रिया होते आणि मिरज, कोल्हापूर नाहीतर मुंबईच्या टाटा रुग्णालयात ‘शेक’ सुरू होतो. डॉक्टर त्याला रेडिएशन म्हणतात. आठवड्याला पाच दिवस, असे साधारण सहा ते सात आठवडे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून या उपचाराला मदत मिळते, एसटीच्या भाड्यातही सवलत आहे. तरी काही रुग्ण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गावी येतात आणि परत जातच नाहीत. विचारले तर उत्तर मिळते, ‘तोंड आलंय, जरा बरं वाटलं की जाऊ.’

इथेच घात होतो. आपल्याकडे तोंड येणे म्हणजे चार दिवसांची किरकोळ तक्रार. पण शेकामुळे येणारे तोंड वेगळे. आतली कातडी सोलवटते, थुंकी आटते, पाण्याचा घोटही आगीसारखा उतरतो. आणि शेकात खंड पडला तर उरलेल्या रोगाच्या पेशी पुन्हा जोर धरतात. बुडालेली मजुरी, विकलेली शेळी, सगळे पाण्यात जाते. म्हणून बांधवांनो, या काळात तोंड सांभाळणे हा उपचाराचाच भाग समजा. तो दवाखान्यात होत नाही, घरातच करावा लागतो.

त्याला लागते काय? एक लिटर उकळून कोमट केलेले पाणी, त्यात चहाचा एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा. या पाण्याने जेवणानंतर, झोपताना आणि मधूनमधून दर दोन-तीन तासांनी चूळ भरायची, गिळायचे नाही. पाणी रोज नवे करायचे. ब्रश लहान मुलांचा, मऊ, तोही आधी गरम पाण्यात बुडवून घेतलेला. कवळी असेल तर रात्री काढून स्वच्छ पाण्यात ठेवावी, तोंड फारच सोलले असेल तर दिवसाही फक्त जेवताना लावावी. दुकानातले झोंबणारे माऊथवॉश नकोत. फोडांवर तुरटी, चुना, कुणा भगताचा अंगारा काही लावू नका. आणि मशेरी? ‘दात साफ करायला तेवढी लागतेच’ असे म्हणत उपचार चालू असतानाही डबी उशाशी ठेवणाऱ्या बाया आहेत. ज्या तंबाखूने हे दिवस आणले तीच पुन्हा उघड्या जखमेवर चोळायची, याला काय म्हणावे! ती डबी घरातून बाहेर गेलीच पाहिजे, नवऱ्याच्या खिशातल्या पुडीसकट.

खाण्याचे म्हणाल तर खर्डा, लिंबू, कडक भाकरी, वाफाळता चहा बंद. आपल्या भागात तांदूळ आहे. त्याची मऊ पेज, दुधात कुस्करलेली भाकरी, वरणाचे पाणी, उकडून कुस्करलेले अंडे, सगळे निववून द्यावे. घरातला पुरुष आजारी पडला की बायको रात्रंदिवस उभी असते. बाई आजारी पडली की ती शेक घेऊन येते आणि स्वतःच चुलीपुढे बसते. तिची पेज कोण शिजवणार? समतेच्या सभांना जाणाऱ्यांनी हा प्रश्न आपल्या घरात विचारावा.

दुखणे सोसू नका. जेवणाआधी तोंड बधिर करणारे औषध मिळते, ते डॉक्टरांकडे मागून घ्या. जिभेवर पांढरे थर दिसले, पाणीही गिळेनासे झाले, रक्त थांबेना तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. केमो चालू असताना ताप १०० च्या वर गेला तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच निघा.

दातांची गोष्ट शेक सुरू होण्याआधीची आहे. किडलेला दात काढायचा तर तो आधीच काढावा, जखम भरायला दोन-तीन आठवडे लागतात. शेक झाल्यावर, अगदी पाच-दहा वर्षांनीसुद्धा, दात दुखला म्हणून बाजारच्या दिवशी कुणाकडूनही उपटून घेऊ नये. शेक बसलेल्या जबड्याचे हाड नीट भरून येत नाही, सडू शकते. दातांच्या डॉक्टरला आधी शेकाचे सांगावे, कागद दाखवावा. तो कागद अनेकदा इंग्रजीत असतो. वस्तीतल्या शिकलेल्या पोरापोरींनी तो मराठीत मोठ्याने वाचून द्यावा, आणि मिठा-सोड्याचे प्रमाण विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवावे.