एका लढाऊ विमानाची प्रतिकृति

गेल्या पावसाळ्यांत आमच्या नातवानें वाढदिवसाच्या पैशांतून एक पेटी विकत आणली. पेटींत करड्या प्लास्टिकचे लहान लहान भाग चौकटींना चिकटलेले होते व सोबत एक सूचनापत्रक होतें. दुसऱ्या महायुद्धांतील 'हरिकेन' नांवाच्या इंग्रजी लढाऊ विमानाची ही प्रतिकृति. साठी उलटलेल्या गृहस्थानें असल्या उद्योगांत लक्ष घालावें कीं नाहीं, हा प्रश्न आमच्या घरांत विचारला गेलाच. पण बाहेर पाऊस, हातांत काम नाहीं आणि समोर त्रैराशिक! आम्ही त्याच्या शेजारीं खुर्ची ओढून बसलों.

त्रैराशिक असें. प्रमाण १:७२ होतें, म्हणजे सहा फूट उंचीचा माणूस येथें एक इंचाचा. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार ४० फूट. तो येथें पावणेसात इंचांहून किंचित् कमी भरतो. खरी गंमत हिशेब उलटा मांडला म्हणजे कळते. अंगाचीं दोन अर्धुकें सांधतांना अर्ध्या मिलिमीटरची शिवण वर राहिली, तर खऱ्या विमानावर ती ३६ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दीड इंच उंचीचा बांध होईल. असा बांध पाठीवर घेऊन कोणता वैमानिक उडेल? म्हणून पॉलिश कागदानें घासावयाचें, पाहावयाचें, पुनः घासावयाचें.

पण हरिकेनच्या बाबतींत सगळेंच घासून चालत नाहीं. सिडने कॅम यांच्या आराखड्यावरून तयार झालेलें हें विमान ६ नोव्हेंबर १९३५ रोजीं प्रथम उडालें. विमानविद्येंत त्या काळीं कापड जुनें होत चाललें होतें व धातूचे पत्रे नवे होते. या विमानांत दोन्ही नांदतात. पुढचा भाग पत्र्याचा; वैमानिकाच्या पाठीमागचें अंग मात्र धातूच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर लांकडी पट्ट्या व त्यांवर ताणून रोगण दिलेलें कापड. त्या पट्ट्यांचे उंचवटे कापडांतून दिसतात. शिवण काढतांना ते उंचवटे गेले, कीं हरिकेनही गेलें. नातवानें शिवणीच्या दोन्ही अंगांस चिकटपट्टी लावून मधली रेघ तेवढी घासली. आम्हांस ही युक्ति सुचली नसती.

वैमानिकाची बैठक अंग सांधण्यापूर्वींच रंगवावी लागते. नंतर तेथें कुंचला पोंचत नाहीं. करडट हिरवा रंग, आसनाचे पट्टे, यंत्रांच्या तबकड्या. वरून पारदर्शक झांकण बसल्यावर यांतलें फारसें कोणास दिसत नाहीं. तरी तीन संध्याकाळ तो त्यांतच होता.

तंटा झाला तो खुणेवरून. पेटीवर १९४० सालचें, इंग्लंडांतील विमान रंगविलें होतें. त्याच्या कुशीवरील वर्तुळांच्या मध्यावर लाल ठिपका. तशींच चित्रें, पाण्यांत भिजवून चिकटविण्यासाठीं, आंत दिलेलीं. नातवाच्या मनांत मात्र १९४४ सालचें इंफाळ होतें. तेथें इंडियन एअर फोर्सची क्रमांक १ ची तुकडी स्क्वाड्रन लीडर अर्जनसिंग यांच्या हाताखालीं हरिकेन विमानें घेऊन जपान्यांच्या हालचालींची टेहळणी करीत होती. त्यानें पेटींतलीं चित्रें बाजूस ठेविलीं, कागदांत गोल कापून त्यावरून गर्द निळें वर्तुळ उठविलें आणि मध्यावर फिका निळा ठिपका दिला. लाल कोठेंच नाहीं. आम्ही रागावलों. "छापलेलें सोडून मनाचें काय घालतोस? चूक आहे हें. पूस."

त्यानें पुसलें नाहीं. "आजोबा, जपानी विमानावर कोणती खूण असायची?"

"तांबडा गोळा."

"मग खालून तोफ रोखलेल्या आपल्याच माणसाला क्षणभर लाल दिसलं, तर?"

रात्रीं आम्हीं वाचून पाहिलें. पूर्वेकडील आघाडीवर ब्रिटिश व भारतीय विमानांवरचा लाल रंग याच कारणास्तव १९४२-४३ च्या सुमारास काढला गेला. अमेरिकनांनीं आपल्या पांढऱ्या ताऱ्यांतला लाल ठिपका मे १९४२ मध्यें काढला. त्याच वर्षीं अमेरिकेच्या आरमारानें शाळांतील मुलांकडून पांच लक्ष प्रतिकृति करवून घेण्याची योजना आंखली. प्रमाण हेंच, १:७२. हेतु हा, कीं सैनिकांनीं नुसत्या आकृतीवरून आपलें विमान कोणतें व परकें कोणतें हें ओळखावयास शिकावें. आम्ही ज्याला खेळणें म्हणत होतों तें एके काळीं धड्याचें साधन होतें, आणि तो धडा चुकणाऱ्याच्या हातून आपलाच माणूस मरावयाचा.

चौतीस वर्षें आम्हीं छापील उत्तराशीं ताडून वह्या तपासल्या. एका मुलानें एकदां श्लोकाचा अन्वय पुस्तकाहून निराळा लिहिला होता. आम्हीं त्यावर तांबडी रेघ ओढली. अन्वय व्याकरणास धरून होता, हें आम्हांस त्याच वेळीं ठाऊक होतें. तो मुलगा आतां कोठें असतो, हें मात्र ठाऊक नाहीं.

सकाळीं नातवाजवळ आम्हीं आपली चूक कबूल केली. "असूं दे, आजोबा," एवढें म्हणून तो शेपटावरची पट्टी रंगवूं लागला. विमान आतां आमच्या संस्कृत कोशाशेजारीं उभें आहे. त्याचें डावें चाक किंचित् तिरपें बसलें आहे. तें आम्हीं बसविलें. लाल ठिपक्यांचीं चित्रें त्यानें टाकून दिलीं नाहींत. पाकिटांत घालून ठेविलीं आहेत. पुढचें विमान १९४० सालचें करावयाचें ठरलें आहे.