वीतभर माती

पहिल्या घावाला पहार खडखडते, तिसऱ्या घावाला ठण्णकन उसळी घेते आणि खड्डा संपतो. अमेरिकेच्या युटा राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, मोआबपासून दक्षिणेला पसरलेल्या लाल माळांवर, मातीची पाहणी करणाऱ्याचं काम बऱ्याच ठिकाणी असं चटकन उरकतं. वर लालसर, वाळूमिश्रित माती. तिच्यात वालुकाश्माचे खडे आणि चपट्या कपच्या. वीत-दीड वीत खाली सरळ खडक. मग पाहणीच्या वहीत ‘आर’ हे अक्षर लिहायचं, म्हणजे ‘रॉक’. वर्णन तिथे थांबतं.

आपल्याकडचा शेतकरी अशा रानाकडे एकदा बघून ‘बरड आहे’ म्हणेल आणि पुढे जाईल. अमेरिकी सर्वेक्षणाचं मतही फारसं निराळं नाही. जमिनीच्या मगदुराची त्यांची आठ वर्गांची उतरंड आहे. पहिले चार वर्ग नांगराचे. असल्या जमिनी तळाशी, बहुधा सातव्या वर्गात: गुरं चारा, नाहीतर राहू द्या.

यांतल्या एका मातीचं नाव रिझ्नो. तिचं शास्त्रीय नाव मात्र लांबलचक आहे: लिथिक उस्टिक टोरिऑर्थेंट्स. ते शेवटाकडून सोडवत आलं की गंमत कळते. ‘एंट’ हे ‘रीसेंट’ या शब्दाचं शेपूट, म्हणजे नवखी माती, जिच्यात अजून धड थरही पडलेले नाहीत. ‘ऑर्थ’ म्हणजे अस्सल. ‘टोरि’ म्हणजे तापलेली, कोरडी. ‘उस्टिक’ म्हणजे होरपळलेली. ‘लिथिक’ म्हणजे दगडाची, ५० सेंटिमीटरच्या आत खडक लागणारी. नाव कसलं, शिव्यांची माळच ती.

हिशेबही तिच्या बाजूने नाही. वाळूमिश्रित माती एका सेंटिमीटर जाडीत झाडाला उपयोगी पडेल असं साधारण एक-सव्वा मिलिमीटर पाणी धरते. माती २५ सेंटिमीटर, म्हणजे फार तर ३० मिलिमीटर पाणी. त्यातले एक तृतीयांश दगड वजा केले की २० उरतात. मीटरभर खोल काळी माती दीडशेच्या वर सहज धरते. इथला पाऊसही वर्षाला जेमतेम २०० ते ३०० मिलिमीटर, आपला माणदेश याहून ओला. या आकडेमोडीप्रमाणे इथे काही उगवायलाच नको. प्रत्यक्षात माळावर शेकडो वर्षं वयाची जुनिपरची झाडं उभी आहेत, आणि तीही नेमकी खडकाळ, उथळ जागा धरून. खोल माती असलेल्या सपाटीवर गवत आणि झुडपं. आपल्या सवयीच्या नजरेला हे उलटंच दिसतं.

हे कोडं सोडवण्याआधी ही माती कुठून आली ते पाहू, कारण ती हकिकत कोड्याहून विलक्षण आहे.

खालचा खडक कितीतरी ठिकाणी नवाहो वालुकाश्म असतो. सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वी इथे वाळूच्या टेकड्यांचा समुद्र होता, सहारासारखा. त्या टेकड्या गोठून खडक झाल्या. आजही कड्यांवर तिरक्या रेघा दिसतात, त्या वाऱ्याने टेकडीच्या उतारावर ओतलेल्या वाळूच्या. पण एवढी वाळू आली कुठून? वाळूत झिरकॉन नावाच्या खनिजाचे बारीक कण असतात. ते झिजत नाहीत म्हटलं तरी चालेल. त्यांच्यातल्या युरेनियमचं ठरलेल्या गतीने शिसं होत असतं, त्यामुळे प्रत्येक कण आपलं वय सांगू शकतो. विल्यम डिकिन्सन आणि जॉर्ज गेरेल्स यांनी २००३ मध्ये नवाहोतल्या कणांची वयं प्रसिद्ध केली. त्यांत १०० ते १२० कोटी वर्षांचे कण भरपूर निघाले, आणि ते जुळले खंडाच्या पार दुसऱ्या टोकाच्या ॲपलेशियन पर्वताशी. कुण्या एका नाहीशा झालेल्या नदीने ही वाळू खंड ओलांडून पश्चिमेला आणून टाकली आणि तिथून वाऱ्याने ती उचलली. युटातल्या माळावर मूठभर माती उचलावी, तर मुठीत पूर्वेचा एक झिजलेला पर्वत असतो.

बरं, वाळू म्हणजे बहुतेक क्वार्ट्झ. त्यात झाडाने खावं असं जवळपास काही नाही. मग फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम हे सगळं कुठून येतं? याचं उत्तर लोहचुंबकाने दिलं. या मातीच्या बारीक भागात मॅग्नेटाइटचे कण सापडतात, आणि खालच्या वालुकाश्मात ते नसतात. दूरच्या ज्वालामुखी खडकांची धूळ वाऱ्याबरोबर येऊन हजारो वर्षं इथे बसत गेली, तिचे हे कण. अन्नद्रव्यांचा मोठा वाटा त्या धुळीचाच. बापजाद्यांची म्हणावी अशी एकही गोष्ट या मातीकडे नाही. वाळू एका दिशेहून आली, खाऊ दुसऱ्या दिशेहून.

आलेली धूळ टिकते ती मात्र इथल्याच बिऱ्हाडकरूंमुळे. झुडपांच्या मधल्या उघड्या जागी जमिनीवर काळपट, खरबरीत, कुठे कुठे चार बोटं उंच उठलेला पापुद्रा दिसतो. नवख्याला वाटतं, काहीतरी जळालंय. तो जिवंत असतो. मायक्रोकोलियस नावाचे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे अब्जावधी वर्षांची जुनी कुळी, चिकट वेष्टनात गुंडाळलेले धागे करून राहतात. पाऊस पडला की धागे फुगतात, उजेडाकडे सरकतात, आणि मागे राहिलेली वेष्टनं वाळूचे कण शिवून टाकतात. सोबतची शेवाळं, दगडफुलाच्या जातीतली लायकेन आणि इतर सूक्ष्मजीव खरखरीतपणा वाढवतात, वाऱ्यातली धूळ त्यात अडकते. त्यांतले काही हवेतला नत्र जमिनीत बांधतात, म्हणजे खताचा कारखानाही तोच. काळा रंग हे उन्हापासूनचं संरक्षण.

हे शिवणकाम ओढ सोसतं, पण पाय सोसत नाही. कोरड्या पापुद्र्यावर एक बूट पडला तर चुरा होतो आणि तो भरून यायला दशकं लागतात, लायकेनला त्याहूनही जास्त. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे गुरांचे नि मेंढ्यांचे कळप लोटले, आणि त्याचा जमाखर्च शेजारच्या कोलोरॅडोतल्या सान हुआन पर्वताच्या तळ्यांनी लिहून ठेवला. गाळाचे थर तपासल्यावर २००८ मध्ये दिसलं, की गोऱ्यांची वस्ती वाढल्यावर धुळीचं प्रमाण पूर्वीच्या हजारो वर्षांच्या सरासरीपेक्षा ५०० टक्क्यांनी वाढलं होतं. १९३४ मध्ये टेलर चराई कायदा आला, कळपांवर बंधनं आली, धूळ थोडी बसली, पण जुन्या पातळीला गेली नाही. ही धूळ पर्वतांवरच्या बर्फावर पडते, काळवंडलेला बर्फ ऊन जास्त पितो आणि आठवडे आधी वितळतो. कोलोरॅडो नदीचं पाणी त्यामुळे वर्षाकाठी पाचेक टक्के घटतं, असा २०१० चा अंदाज आहे. गाईचा खूर आणि कोट्यवधी लोकांच्या नळाचं पाणी यांच्यात इतकंच अंतर.

आता ते कोडं. खडे हा दोष, हे आपण ओल्या मुलखात शिकलो. कोरड्या मुलखात पाण्याचा मोठा शत्रू म्हणजे ऊन. चिकणमातीवर १० मिलिमीटर पाऊस पडला तर ती सगळा वरच्या वर धरून ठेवते, आणि दोन-चार दिवसांत ऊन तो परत घेतं. तेवढाच पाऊस खडेमिश्रित वाळूत दुप्पट-तिप्पट खोल उतरतो. वरचा थर झटकन वाळतो, आणि तो वाळला की खालच्या ओलीचं जणू झाकण होतो. इस्रायलचे इमान्युएल नॉय-मेयर यांनी १९७३ मध्ये हे नीट मांडलं: वर्षाला साधारण ३०० ते ५०० मिलिमीटरच्या खाली पाऊस गेला की भारी आणि हलक्या जमिनीची अदलाबदल होते, हलकी ती बरी ठरते. शिवाय शेजारचा उघडा खडक छपरासारखा आपला पाऊस मातीच्या खळग्याकडे ओतत असतो. खळग्याच्या वाट्याला हवामानखात्याच्या आकड्यापेक्षा जास्त पाणी येतं.

ते पाणी पुढे जातं कुठे? खडकात. वालुकाश्म हा आपल्या काळ्या पाषाणासारखा घट्ट नव्हे. नवाहोच्या शंभर भागांत वीसेक भाग निव्वळ पोकळी असते, आणि वर सांधे, भेगा. अमेरिकेतल्या वनांचा आणि झुडपी रानांचा अभ्यास करून २०२१ मध्ये ‘नेचर’ मध्ये आलेल्या एका निबंधाने दाखवलं, की त्यांतलं किमान चोवीस टक्के क्षेत्र मातीखालच्या खडकातलं पाणी नियमित पितं. माझ्या मते मातीच्या पाठ्यपुस्तकांना बसलेला हा मोठा टोला आहे, कारण ‘उपलब्ध पाणी’ मोजताना खडक लागला की बेरीज थांबवायची, अशीच रीत होती.

म्हणून काही ही जमीन अमर नाही. २००२-०३ च्या दुष्काळात या भागातली पिन्यन पाइनची झाडं विस्तीर्ण पट्ट्यांत वाळली. पाणी तुटलं, अशक्त झाडांवर सालकिडे तुटून पडले. जुनिपर त्या मानाने तरले. जुनिपरची एक निर्दयी युक्ती आहे: टंचाई आली की तो एखाद्या फांदीचं पाणी तोडतो, ती वाळू देतो आणि उरलेलं झाड जगवतो. माळावर जुनिपर पाहिला तर निम्मा राखाडी सांगाडा आणि निम्मा हिरवा असा दिसतो. मेलेला भाग आणि जगणारा भाग एकाच पिळवटलेल्या बुंध्यावर.

त्याचं मूळ पाहायचं तर जिथे रस्त्यासाठी खडक कापलाय तिथे जावं. वर वीतभर लाल माती, तिच्यात खडे. तिच्याखाली, वहीत ‘आर’ लिहून वर्णन जिथे थांबलेलं असतं तिथून, फटीफटीतून मूळ उतरत गेलेलं असतं. जागेअभावी पापडासारखं चपटं झालेलं, दोन्ही बाजूंच्या दगडाला चिकटलेलं, कापलेल्या कड्याच्या तळापर्यंत.