जोईची व्हॅन

होंडासारख्या बलाढ्य कंपनीचा करारबद्ध स्वार म्हटल्यावर डोळ्यांसमोर जो थाट उभा राहतो, त्यातलं जोई डनलॉपकडे जवळजवळ काहीच नव्हतं. ओठात सिगारेट, विस्कटलेले केस, हाताला ग्रीस. कंपनीचे मेकॅनिक दिमतीला असले, तरी बाईक स्वतः उघडून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. मुलाखत म्हटली की पुटपुटत दोन वाक्यं बोलायचा आणि सटकायचा. शर्यतीला मात्र ठरलेला लाल टी-शर्ट आणि पिवळं हेल्मेट हवं म्हणजे हवंच. तीन नंबर मिळाला तर आणखी खूश.

त्याचा जन्म 1952चा, उत्तर आयर्लंडमधल्या बॅलीमनी परिसरातला. त्या भागात मोटारसायकलची शर्यत बांधीव सर्किटवर नाही, गावच्या रस्त्यावर होते. जगभरचे स्वार मात्र डोळे लावून असतात ते समोरच्या समुद्रातल्या आयल ऑफ मॅन या बेटाकडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये गाड्यांना ताशी 20 मैलांची मर्यादा होती. बेटाची संसद वेगळी. तिने 1904 मध्ये शर्यतीसाठी रस्ते बंद करण्याचा कायदा केला. 1907 पासून तिथे टीटी, म्हणजे टुरिस्ट ट्रॉफी, भरते.

एक फेरी 60.7 किलोमीटरची, वळणं दोनशेच्या वर. स्वार दहा-दहा सेकंदांच्या अंतराने सुटतात, त्यामुळे खरी झुंज घड्याळाशी. कडेला दगडी भिंती, दिव्यांचे खांब, लोकांच्या घरांची फाटकं. खालच्या गावात ऊन असतं आणि वर स्नेफेल डोंगरावर धुकं. आज इथल्या विक्रमी फेरीचा सरासरी वेग ताशी 219 किलोमीटरच्या पुढे आहे. एवढ्या वेगात पुढचं वळण दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. ते आधीच पाठ असावं लागतं. कुठल्या झाडापाशी ब्रेक, कुठल्या उंचवट्यावर चाक हवेत जातं, पावसानंतर कुठला पट्टा उशिरा वाळतो. अशी उजळणी व्हायला वर्षं जातात. म्हणूनच या खेळात चाळिशी उलटलेला माणूस विशीतल्या पोराला मागे टाकू शकतो. चुकणाऱ्याला मात्र माफी नाही: या मार्गावर आजवर अडीचशेहून अधिक स्वार गेले.

जोईने इथली पहिली शर्यत 1977 मध्ये जिंकली, जॉन रे नावाच्या स्थानिक पाठीराख्याच्या यामाहावर. (पुढे सहा वेळा सुपरबाइक जगज्जेता झालेला जॉनथन रे हा त्याचाच नातू.) 1982 ते 1986 सलग पाच वर्षं टीटी फॉर्म्युला वन या मोटारसायकल गटाचं जागतिक अजिंक्यपद जोईकडे होतं. 1985 मध्ये तर बेटाकडे निघालेली त्याची मासेमारी बोट स्ट्रँगफर्डच्या खाडीत बुडाली. सगळ्यांना वाचवलं. त्यानंतरच्या टीटीत गडी तीन शर्यती जिंकून मोकळा!

1989 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅच सर्किटवर तो वाईट पडला, पाय आणि मनगट मोडलं. मोठ्या बाईकवर पूर्वीसारखं जमेना, तेव्हा तो छोट्या 125 सीसीकडे वळला आणि 1993 मध्ये तिच्यावरच माइक हेलवूडचा 14 विजयांचा विक्रम मोडला.

हंगाम संपला की शर्यतीला बाईक नेणारी त्याची व्हॅन वेगळ्या मालाने भरायची: डबाबंद अन्न, कपडे, लहान मुलांचे लंगोट. जोई ती एकटाच हाकत रुमानियाच्या अनाथाश्रमांपर्यंत न्यायचा; पुढे बोस्निया, अल्बानियालाही गेला. गाजावाजा नाही. 1996 मध्ये ब्रिटिश सरकारने ओबीई किताब दिला तो या कामासाठी. शर्यतींचा एमबीई दहा वर्षं आधीच मिळाला होता.

जून 2000. वय 48. फॉर्म्युला वन, 250 आणि 125 अशा तीन शर्यती त्याने एकाच टीटीत जिंकल्या. सीनियर शर्यतीत तिसरा आला, पण त्यात आयुष्यातली सर्वांत वेगवान फेरी मारली: सरासरी ताशी 199 किलोमीटर. एकूण विजय 26.

महिन्याभरात व्हॅनमध्ये बाईक चढवून तो एकटाच एस्टोनियाला गेला. 2 जुलैला टालिनमध्ये पाऊस होता. 125 सीसीच्या शर्यतीत ओल्या रस्त्यावर बाईक सुटली आणि झाडांवर आदळून तो जागीच गेला. अंत्ययात्रेला बॅलीमनीत सुमारे पन्नास हजार माणसं लोटली. बेटावरच्या सव्विसाव्या मैलाच्या दगडाला आता ‘जोईज’ म्हणतात.

घरातलं कुणी थांबलं नाही. जोईचा धाकटा भाऊ रॉबर्ट 2008 मध्ये नॉर्थ वेस्ट 200 शर्यतीच्या सरावात मरण पावला. दोनच दिवसांनी त्याचा मुलगा मायकल त्याच रस्त्यावर उतरला आणि जिंकला. मायकलचा भाऊ विल्यम 2018 मध्ये स्केरीजच्या शर्यतीच्या सरावात मरण पावला. जून 2024 मध्ये मायकलने टीटीत काकाइतकेच 26 विजय गाठले. दुसऱ्या दिवशी सुपरबाइक शर्यतीत तो आघाडीवर होता, पण पिटमध्ये बदललेली हेल्मेटची काच नीट बसेना. वाटेत थांबून ती बसवावी लागली आणि चौथ्या क्रमांकावर समाधान मानावं लागलं. त्यानंतर दोन दिवसांनी, 4 जूनला, सत्ताविसावा विजय आला. त्यादिवशीही दर फेरीला त्याला ‘जोईज’वरूनच जायचं होतं.