सूर्य सर्वांचा, गच्ची कोणाची?

ऊर्जा म्हणजे कार्य करण्याची क्षमता, ही व्याख्या आपण शाळेत पाठ केलेली असते. परंतु तिची किंमत कोण मोजतो आणि ती कोणाच्या वाट्याला येते, हे प्रश्न पाठ्यपुस्तकाबाहेरच राहतात. अपारंपरिक ऊर्जेचा विषय निघाला, की तो विज्ञान शाखेकडे सोपवून आपण कला शाखेचे विद्यार्थी मोकळे होतो. वस्तुतः तो अर्थशास्त्राचा व समाजशास्त्राचाही विषय आहे. आपल्या वसई-विरारकडे पाहिले तरी हे ध्यानात येते.

मुळात वसईत सौरऊर्जेला 'अपारंपरिक' म्हणणेच चमत्कारिक आहे. भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत घेऊन मीठ पिकवणारी मिठागरे सूर्यावरच चालत आली. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून केलेली सुकेळी आणि अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर वाळत घातलेले बोंबील हीदेखील उन्हाचीच करणी. सूर्य पैसे मागत नाही, पण पावसाळ्यात भेटतही नाही, हे या कष्टकऱ्यांना पक्के ठाऊक. म्हणून ते पावसाळ्याची बेगमी उन्हाळ्यातच करून ठेवत. आजच्या सौरविजेचा निम्मा प्रश्न या 'बेगमी' शब्दात सामावलेला आहे.

ही वीज हवी कशाला? आपल्याच पालघर जिल्ह्यात तारापूरचे अणुकेंद्र १९६९ पासून आहे, तर डहाणूचे ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र १९९० च्या दशकात उभे राहिले. महाराष्ट्राची बरीचशी वीज आजही कोळशावरच तयार होते. हा कोळसा दुरून आणावा लागतो आणि त्याची राख व धूर केंद्राच्या शेजाऱ्यांच्या वाट्याला येतो. डहाणूच्या चिकू बागायतदारांनी व पर्यावरणप्रेमींनी यासाठी न्यायालयापर्यंत लढा दिला. सूर्याची वीज राख मागे ठेवत नाही. एक किलोवॅटच्या संचाला सुमारे १०० चौरस फूट मोकळी जागा पुरते आणि दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्य घर' योजनेत घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठेवलेले आहे.

मग अडते कोठे? पहिली अडचण बेगमीची. पटले भर दुपारी वीज देतात. आपली माणसे मात्र रात्रीच्या लोकलने घरी परततात, तेव्हा दिवे, पंखे लागतात. साठवणुकीची बॅटरी महाग पडते. घाटघर येथील २५० मेगावॅटच्या प्रकल्पात मागणी कमी असताना पाणी वरच्या जलाशयात चढवतात आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज करतात. विजेची बेगमी अशीही करता येते. परंतु त्यासाठी डोंगर, धरणे आणि भांडवल लागते.

दुसरी अडचण अनेकांना माहीत नसते. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई-नालासोपारा परिसर पाण्याखाली गेला आणि वीजपुरवठाही खंडित झाला. गच्चीवर पटले असती तर घरे उजळली असती काय? बहुधा नाही. वीजवाहिनीला जोडलेला साधा संच, वाहिनी बंद पडताच आपोआप थांबतो. तो चालू राहिला तर दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या कामगाराच्या जिवावर बेतेल. बॅटरी व तशी खास सोय असेल तरच अंधारात उजेड मिळतो.

तिसरी अडचण सर्वांत बिकट आहे, आणि ती यंत्रांची नसून माणसांची आहे. उदाहरणादाखल सात मजल्यांची, २८ बिऱ्हाडांची इमारत घेऊ. पाण्याच्या टाक्या व सावली वगळून गच्चीवर १,००० चौरस फूट जागा उरली, तर १० किलोवॅटचा संच बसेल. त्यातून दिवसाला ४० युनिट, म्हणजे एका बिऱ्हाडाला दीड युनिटही नाही. जिन्यातले दिवे, पाण्याचा पंप, लिफ्ट यांना मात्र त्याचा चांगला हातभार लागेल. पण त्यासाठी सोसायटी नोंदलेली हवी, सभासदांचे एकमत हवे. २०२४-२५ च्या हिवाळ्यात उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार नालासोपाऱ्यातील ४१ अनधिकृत इमारती पाडण्यात आल्या आणि शेकडो कुटुंबे उघड्यावर आली. पटले पंचवीस वर्षे टिकतात. ज्या इमारतीच्या आयुष्याचीच शाश्वती नाही, तिच्या गच्चीवर ती कोण बसवणार? म्हणजे स्वतःचे छप्पर असलेल्या बंगलेवाल्याला अनुदानही मिळते आणि वीजबिलही घटते. चाळीतला भाडेकरू मात्र दोन्हींना मुकतो.

यावर उपाय नाही असे नाही. राज्याच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत प्रत्येक शेतकऱ्याच्या शेतात पटले बसवत नाहीत. एके ठिकाणी प्रकल्प उभारून त्याची वीज अनेक शेतांना दिवसा पुरवतात. हेच तत्त्व शहरालाही लागू करता येईल. शाळा, महाविद्यालये, मंडया, महापालिकेच्या इमारती यांच्या गच्च्यांवर सामाईक संच उभे राहावेत आणि ज्यांना स्वतःची गच्ची नाही, त्यांना त्यात वाटा मिळावा. विज्ञान शाखेच्या आपल्या मित्रांनी पटले कशी बसवावीत ते सांगावे. त्यांची वीज कोणाला मिळावी, हे विचारण्याचे काम आपले आहे.