छायाचित्र फिरवावे, उलटवू नये

सेलू तालुक्यातील आमच्या वालूर गावची बारव पाहण्यास येणारे पाहुणे काठावर उभे राहून भ्रमणध्वनी सरळ खाली रोखतात आणि चक्राकार उतरणाऱ्या पायऱ्यांचे छायाचित्र घेतात. घरी जाऊन पाहावे तर काही छायाचित्रे उभी, काही आडवी! यात यंत्राचा दोष नाही. यंत्रातील संवेदक गुरुत्वाकर्षणाच्या आधारे 'वरची बाजू' ठरवितो. भिंग सरळ जमिनीकडे वळले की त्याला तो आधार उरत नाही.

वैद्यबंधूंची बहुतेक छायाचित्रे नेमकी अशीच घेतलेली असतात. मेजावर मांडलेली कच्ची द्रव्ये, उघडून ठेवलेली जुनी पोथी, रुग्णाच्या पावलावरील मंडले, हे सारे आपण वरूनच टिपतो. वर्षाअखेरीस संगणकावर शेकडो छायाचित्रे साठतात आणि त्यांतील कित्येक आडवी असतात. ती एकेक उघडून फिरविणे वेळखाऊ तर आहेच. घाईने केल्यास घातकही आहे.

हा धडा आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. श्वित्राच्या एका रुग्णाची काही महिन्यांची छायाचित्रे सरळ करताना आम्ही 'रोटेट' ऐवजी 'फ्लिप' ही आज्ञा दिली. छायाचित्रे उभी दिसू लागली, परंतु उजवा पाय डावा झाला! पुढील तपासणीत नोंदवहीशी मेळ बसेना, तेव्हा चूक उमगली. मूळ प्रती जपून ठेवल्या होत्या, म्हणून निभावले.

फिरविल्याने डावे-उजवे बदलत नाही. फ्लिप केल्याने मात्र आरशातील प्रतिमा तयार होते. द्रव्यपरिचयातही हा भेद महत्त्वाचा आहे. वाराहीकंद म्हणून वापरात असलेल्या कडू कारांद्याची वेल आणि कोनफळाची वेल आधाराभोवती परस्परविरुद्ध दिशांनी वळतात. ही ओळखीची खूण आहे. छायाचित्र उलटले की खूणही उलटते.

दुसरा धोका प्रतीच्या ऱ्हासाचा. जेपीईजी पद्धतीत चित्राचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडून सूक्ष्म तपशील गाळले जातात. चित्र उघडून, फिरवून पुन्हा साठविले की बहुधा ही गाळणी पुन्हा लागते. पोथीतील पुसट अनुस्वार किंवा त्वचेवरील फिकट कड अशाने हळूहळू हरवते. 'लॉसलेस' पद्धतीत चौकोन केवळ जागा बदलतात, तपशील गळत नाही. चित्राच्या रुंदी व उंचीला १६ ने निःशेष भाग जात असल्यास कडेची ओळही कापावी लागत नाही. छायाचित्रासोबत दडलेल्या 'एक्झिफ' नोंदीत चित्राची दिशा व घेतल्याची तारीख असते. काही प्रणाली पुन्हा साठविताना ही नोंद पुसून टाकतात. चिकित्सेचा क्रम दाखविणाऱ्या छायाचित्रांतून तारीखच गेली, तर त्यांचे मोल ते काय राहिले?

आम्ही अनुसरतो तो क्रम असा. प्रथम सर्व छायाचित्रांची एक प्रत 'मूळ' या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि तिला हात लावू नये. त्यानंतर इरफानव्ह्यूसारख्या प्रणालीत छायाचित्रांच्या लघुप्रतिमा उघडाव्यात. कंट्रोल कळ दाबून धरून, उजवीकडे वळवावयाची सर्व छायाचित्रे निवडावीत आणि लॉसलेस आज्ञा एकदाच द्यावी. मग डावीकडे वळवावयाची घ्यावीत, शेवटी पूर्ण उलटी असलेली. अशा रीतीने शेकडो छायाचित्रांचे काम तीन आज्ञांत आटोपते. ही प्रणाली घरगुती वापरास विनामूल्य आहे. औषधालयाच्या कामासाठी मात्र परवाना विकत घ्यावा लागतो.

परंतु खरा उपाय छायाचित्र घेतानाच करावयाचा आहे. द्रव्याशेजारी वा अवयवाशेजारी एक चिठ्ठी ठेवावी. तिच्यावर तारीख, नोंदणी क्रमांक किंवा बॅच क्रमांक आणि वरची बाजू दाखविणारा बाण असावा. रुग्णाच्या बाबतीत 'उजवा' किंवा 'डावा' हेही लिहावे. नाव लिहू नये, आणि संमती आधी घ्यावी. चिठ्ठीवरील अक्षरे आडवी दिसली तर छायाचित्र फिरवावयाचे राहिले आहे. आरशातल्यासारखी दिसली तर ते उलटले आहे, हे कोणालाही एका दृष्टिक्षेपात कळेल.

रुग्णपत्रिकेत डावे-उजवे लिहिताना आपण जी दक्षता घेतो, तीच छायाचित्रातही घेतली पाहिजे. उद्या आपल्या पश्चात ते पाहणाऱ्या वैद्याला विचारावयास आपण तेथे नसू.