घर व वसतिगृहातील ढेकणांचा उपद्रव आणि त्याचे निर्मूलन : कोल्हापूर शहराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

कोल्हापूर हे विद्यार्थ्यांचे आणि यात्रेकरूंचे शहर आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग येथे सुरू झाले. विविध समाजांतील विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगे काढण्याची ही परंपरा शहराचे भूषण ठरली. १९६२ साली शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाल्यानंतर ग्रामीण भागातून येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढत गेली. दुसरीकडे अंबाबाईच्या दर्शनासाठी आणि चैत्रातील जोतिबाच्या यात्रेसाठी येणाऱ्या भाविकांमुळे धर्मशाळा व यात्री निवास गजबजलेले असतात. जेथे माणसे अंथरूण-पांघरूण, ट्रंका व पिशव्या घेऊन सतत येतात-जातात, तेथे ढेकूणही त्यांच्यासोबत प्रवास करतो. यात शहराला किंवा संस्थेला उणेपणा आणणारे काही नाही.

तथापि ढेकूण झाल्याचे उघडपणे सांगण्यास कुटुंबे व संस्था दोन्ही कचरतात. ढेकणाच्या संगतीने हिराही भंगतो, अशी समजूत मराठीत म्हणीच्या रूपाने रुजली आहे. ढेकूण म्हणजे कुसंग आणि गलिच्छपणा, हे समीकरण त्यामुळे पक्के झाले. वस्तुतः ढेकूण घाणीवर जगत नाही. तो केवळ रक्तावर जगतो. स्वच्छ खोलीत त्याला लपण्यास जागा कमी मिळते एवढेच. ढेकणांचे निर्मूलन औषधाच्या तीव्रतेपेक्षा दोन गोष्टींवर अधिक अवलंबून असते : कीटकाच्या जीवनक्रमाशी जुळणारे वेळापत्रक आणि उपद्रव वेळीच उघड करण्याची मोकळीक. प्रस्तुत लेखात या दोन मुद्द्यांचे विवेचन केले आहे.

ढेकणाची ओळख व जीवनक्रम

माणसाच्या रक्तावर जगणाऱ्या ढेकणांच्या दोन जाती प्रमुख आहेत. सायमेक्स लेक्ट्युलॅरियस ही समशीतोष्ण प्रदेशात, तर सायमेक्स हेमिप्टेरस ही उष्ण प्रदेशात, म्हणून भारतातही, प्रामुख्याने आढळते. प्रौढ ढेकूण सुमारे पाच ते सात मिलिमीटर लांब, चपटा व तांबूस तपकिरी असतो. त्याला उडता येत नाही. दिवसा तो गादीची शिवण, पलंगाचे सांधे, भिंतीच्या भेगा, विजेच्या बटणांच्या पेट्या अशा अरुंद जागी दडतो व रात्री पाच ते दहा मिनिटांत रक्त शोषून परत जातो.

मादी दररोज काही अंडी घालते व तिच्या आयुष्यात ही संख्या शेकड्यांवर जाते. सुमारे एक मिलिमीटर लांबीची ही पांढुरकी अंडी फटीत चिकटवलेली असतात. उबदार हवेत ती साधारण सहा ते दहा दिवसांत उबतात. पिल्लू प्रौढ होण्यापूर्वी पाच वेळा कात टाकते आणि प्रत्येक वेळी त्याला रक्ताची गरज असते. अनुकूल हवामानात हा सारा प्रवास पाच ते आठ आठवड्यांत पूर्ण होतो. अन्नावाचून ढेकूण उष्ण हवेत कित्येक आठवडे आणि थंड हवेत कित्येक महिने तग धरू शकतो. त्यामुळे उन्हाळी सुट्टीत वसतिगृह रिकामे राहिले म्हणजे ढेकूण आपोआप मरतील, हा समज फसवा ठरतो.

आरोग्याच्या दृष्टीने विचार

ढेकणाच्या चाव्याने खाज, गांधी व क्वचित तीव्र ॲलर्जी उद्भवते. काही व्यक्तींच्या त्वचेवर मात्र कोणतीच खूण दिसत नाही. म्हणून एकाच खोलीतील दोघांपैकी एकाचीच तक्रार येते व ती खोटी मानली जाते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मद्रास येथे पॅटन या संशोधकाने काळा आजाराचा प्रसार ढेकणामार्फत होतो, असे प्रतिपादन केले होते. पुढे १९४२ साली स्वामीनाथ, शॉर्ट व अँडरसन यांच्या प्रयोगांनी तो वालुमाशीमार्फत होतो, हे सिद्ध झाले. दैनंदिन परिस्थितीत ढेकूण माणसांत एखादा रोग पसरवतो, असे आजवर सिद्ध झालेले नाही. परंतु झोपमोड, मानसिक अस्वस्थता आणि खाजवल्यामुळे होणारा त्वचेचा जंतुसंसर्ग हे परिणाम दुर्लक्षणीय नाहीत. परीक्षेच्या काळात रात्रभर जागणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हा शैक्षणिक प्रश्नही ठरतो.

कीटकनाशकांच्या मर्यादा

१९३९ साली पॉल म्यूलर यांना डीडीटीचा कीटकनाशक गुण आढळला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ढेकणांचा प्रश्न कायमचा सुटेल, अशी आशा निर्माण झाली. ती फार काळ टिकली नाही. हवाई बेटांतील पर्ल हार्बर येथे १९४७ मध्येच डीडीटीला न जुमानणारे ढेकूण आढळले. पुढे भारतासह अनेक देशांतून तसेच अनुभव नोंदवले गेले. आज घरोघरी वापरल्या जाणाऱ्या पायरेथ्रॉइड गटातील औषधांबाबतही हीच स्थिती आहे. डीडीटी व पायरेथ्रॉइड ही दोन्ही मज्जातंतूंतील एकाच ठिकाणी परिणाम करतात. त्या ठिकाणी जनुकीय बदल झालेल्या ढेकणांवर दोहोंचा प्रभाव कमी पडतो. शिवाय डास-झुरळांच्या फवाऱ्याचे थेंब फटीत खोलवर पोहोचत नाहीत. वाचलेले ढेकूण शेजारच्या खोलीत पांगतात.

औषध लागू पडत नाही असे दिसले की अधिक जहाल औषधाकडे वळण्याची प्रवृत्ती असते. खरा धोका येथेच आहे. धान्य टिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांपासून हवेतील ओलाव्याने फॉस्फीन हा प्राणघातक वायू निर्माण होतो. तो दाराच्या फटीतून, नळ्यांच्या छिद्रांतून शेजारच्या खोलीत झोपलेल्या व्यक्तीपर्यंत पोहोचू शकतो. या गोळ्या सर्वसामान्य ग्राहकास विकण्यास कायद्याने मुभा नाही. एकेकाळी ढेकणांसाठी सर्रास फवारल्या जाणाऱ्या डायक्लोरव्हॉसवर केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. शेतीची औषधे राहत्या खोलीत वापरणे कोणत्याही स्थितीत समर्थनीय नाही.

पारंपरिक उपायांचे परीक्षण

गाद्या व वाकळा उन्हात टाकणे हा आपल्याकडील सर्वपरिचित उपाय होय. प्रौढ ढेकूण ४५ अंश सेल्सिअस तापमानात सुमारे दीड तासात मरतात. अंडी मरण्यास ४८ अंशांवरही तासाहून अधिक वेळ लागतो. ५० अंशांच्या पुढे हा काळ झपाट्याने घटतो. कोल्हापुरात उन्हाळ्यातील हवेचे कमाल तापमान सर्वसाधारणपणे ४० अंशांच्या आत राहते. उन्हात गादीचा पृष्ठभाग याहून बराच तापतो हे खरे. पण ढेकूण खालच्या, सावलीतील बाजूस सरकतात आणि कापसाच्या जाड गादीचा गाभा तेवढा तापत नाही. पातळ चादरी व कपडे काळ्या प्लॅस्टिक पिशवीत सैलसर भरून, तोंड बांधून, फरशीवर कडक उन्हात ठेवल्यास परिणाम अधिक चांगला मिळतो. जूनमध्ये वसतिगृहे भरू लागतात तेव्हा पावसाळा सुरू झालेला असतो, हे लक्षात घेता हे काम मे महिन्यातच उरकणे इष्ट ठरते.

बंबातील किंवा चुलीवरील उकळते पाणी लोखंडी खाटेच्या सांध्यांत ओतण्याची रीतही उपयुक्त आहे. मात्र पाणी जेथे प्रत्यक्ष पोहोचते तेथेच ढेकूण व अंडी मरतात. पोकळ नळीच्या खाटांची उघडी टोके विसरली जातात व उपद्रव पुन्हा सुरू होतो. रॉकेल लावण्याची प्रथा आगीच्या धोक्यामुळे त्याज्य आहे. निरगुडी, कडुनिंब वा वेखंड यांच्या वासाने ढेकूण काही काळ दूर राहत असले, तरी तेवढ्यावर निर्मूलन होत नाही.

दुभत्याच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवून मुंग्या रोखण्याची जुनी युक्ती येथे कामी येते. खाट भिंतीपासून दूर सरकवून तिचे चारही पाय वाट्यांत ठेवावेत. गुळगुळीत प्लॅस्टिकवर ढेकूण चढू शकत नाही असे सांगितले जाते. परंतु आपल्याकडील सायमेक्स हेमिप्टेरस ही जाती गुळगुळीत पृष्ठभागावर अधिक सहजतेने चढते, असे अलीकडील संशोधनात दिसून आले आहे. म्हणून वाटीत साबणाचे थोडे पाणी असणे आवश्यक आहे. सकाळी वाटीत सापडणारे ढेकूण उपद्रव किती आहे, हेही दाखवतात.

निर्मूलनाचा क्रम

पहिली पायरी शोधाची होय. पंचतंत्रातील मंदविसर्पिणी नावाच्या उवेच्या गोष्टीत राजाला डसणारा मत्कुण, म्हणजे ढेकूण, पलंगाच्या फटीत निसटतो आणि सेवकांच्या हाती सापडलेली ऊ मारली जाते. दिसेल त्यावर औषध मारणारा गृहस्थ हेच करतो. विजेरीच्या उजेडात गादीच्या शिवणी, खाटेचे सांधे, फळ्यांची खालची बाजू, पुस्तकांचे कप्पे व ट्रंकेच्या कडा तपासाव्यात. काळे ठिपके, टाकलेली कात व चादरीवरील रक्ताचे डाग ही ओळखीची चिन्हे आहेत.

दुसरी पायरी उष्णतेची. सर्व कपडे व अभ्रे खोलीतच पिशवीत बांधून बाहेर न्यावेत, ६० अंशांच्या पाण्यात धुवावेत आणि स्वच्छ पिशवीत परत ठेवावेत. तिसरी पायरी फटी बुजवण्याची : भेगांत सिमेंट वा पुट्टी भरावी, प्लायवुडच्या फळ्यांचे सांधे बंद करावेत. यानंतरही गरज राहिल्यास परवानाधारक व्यावसायिकाकडून औषध मारून घ्यावे व कोणते औषध वापरले याची लेखी नोंद घ्यावी.

सर्वांत महत्त्वाची बाब पुनरावृत्तीची आहे. बहुतेक औषधांनी अंडी मरत नाहीत. पहिल्या दिवशी वाचलेली अंडी दहा दिवसांत उबतात; म्हणून दहा ते चौदा दिवसांनी दुसरी फेरी व तितक्याच अंतराने तिसरी फेरी घ्यावी लागते. ही पिल्ले वाढून नवी अंडी घालण्यापूर्वीच त्यांना गाठणे हा या अंतरामागील हेतू होय. पहिल्या फेरीनंतर चावे थांबले म्हणून काम सोडून देणे, हे अपयशाचे नेहमीचे कारण आहे. तिसऱ्या फेरीनंतरही काही आठवडे वाट्यांची पाहणी चालू ठेवावी.

वसतिगृह व्यवस्थापनाची भूमिका

घरात एक कुटुंब निर्णय घेते. वसतिगृहात शेजारच्या खोल्यांचे सहकार्य लागते. एकाच खोलीत उपचार केल्यास ढेकूण भिंतीपलीकडे जातात. म्हणून बाधित खोलीसोबत दोन्ही बाजूंच्या, वरच्या व खालच्या खोल्यांची तपासणी एकाच दिवशी व्हावी. तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्याला दोष दिला गेला, किंवा औषधाचा खर्च त्याच्याकडून घेतला गेला, तर पुढची तक्रार येत नाही. मग विद्यार्थी स्वतःच बाजारातून औषध आणतो आणि बंद खोलीत मारून तेथेच झोपतो. लपवाछपवीची किंमत कधीकधी ढेकणांच्या चाव्यापेक्षा फार मोठी असते. प्रवेशाच्या वेळी माहितीपत्रक देणे, नाव गुप्त ठेवणारी तक्रारवही, संस्थेच्या खर्चाने उपचार, जुन्या गाद्या-फर्निचरची तपासणी केल्याखेरीज खरेदी न करणे, हे उपाय अल्प खर्चाचे आहेत. प्राणिशास्त्र विभागाच्या मदतीने ढेकणांची ओळख व वाट्यांच्या नोंदी हा विद्यार्थ्यांसाठी लघुप्रकल्पही होऊ शकतो.

समारोप

ढेकूण हा माणसाचा फार जुना सोबती आहे. त्याने डीडीटी पचवले आणि आता पायरेथ्रॉइडही पचवू पाहत आहे; उष्णतेपुढे व बुजवलेल्या फटीपुढे मात्र त्याचा निभाव लागत नाही. शोध, उष्णता, फटी बुजवणे, गरजेपुरते औषध आणि सुमारे सहा आठवड्यांची चिकाटी हा क्रम पाळल्यास कोणतेही घर ढेकूणमुक्त होऊ शकते. ज्या शहराने सर्व समाजांतील मुलांना राहण्यासाठी छप्पर दिले, त्या शहरातील वसतिगृहांत विद्यार्थ्याला ‘खोलीत ढेकूण आहेत’ हे निःसंकोचपणे सांगता यावे, एवढी व्यवस्था करणे शिक्षक व व्यवस्थापनाच्या हाती आहे.